असुरक्षितता कोण निर्माण करतो?
(व्याख्यान)



'आधुनिक जीवनातील असुरक्षितता' हा विषय मला दिला आहे. शब्द जड आहे, पण आपल्या वस्तीत त्याला सोपे रूप आहे : "मुलगा पर्मनंट आहे का?" स्थळ बघताना हा प्रश्न आधी येतो, शिक्षणाचा नंतर. विचारणाऱ्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

आपल्या आजोबांची असुरक्षितता पावसाची होती. 1972 च्या दुष्काळात कितीतरी माणसे गाव सोडून खडी फोडायला गेली. आजची असुरक्षितता आभाळातून पडत नाही, ती कोणीतरी कागदावर लिहिलेली असते. मला आज एवढेच दाखवायचे आहे.

मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगारांबरोबर 'बदली' कामगार असत. पाळीच्या वेळी गेटवर उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत. अनेकांची उमेदीची वर्षे त्यातच गेली. आणि ही अनिश्चितता सर्वांच्या वाट्याला सारखी येत नव्हती. विणकाम खात्यात मजुरी अधिक, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे विटाळ होतो हे कारण! 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि मग कायम-बदली हा भेदच उरला नाही, कारण बहुतेक गिरण्याच उरल्या नाहीत.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते. आजारी पडलेल्या मजुराची चूल विझू नये म्हणून आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम त्याच काळात प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यातून 1948 चा राज्य विमा कायदा आला. आपण 'ईएसआय' म्हणतो ते हेच. जुलै 2019 पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, असा हिस्सा ठरला. म्हणजे मोठा वाटा मालकाचा! कंत्राटदार तो का टाळतो, हे यावरून समजावे.

आता अलीकडचे उदाहरण. मुंबई महानगरपालिकेत कचरा उचलणारे हजारो कामगार कंत्राटावर राबत होते, बहुसंख्य दलित समाजातले. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा मुळात 20 किंवा अधिक कामगारांना लागू होता, म्हणून कंत्राटे त्याहून कमी माणसांची निघत. काहींना तर 'स्वयंसेवक' म्हणत आणि पगाराला 'मानधन'. सेवाभावासाठी पहाटे गटारात उतरणारा स्वयंसेवक मी अजून पाहिलेला नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने खटला लढवला. 2014 मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला, एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तरीही कितीतरी जणांची नेमणूक रखडली. कारण? यादीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळेना! आडनावातल्या एका अक्षराने जिंकलेला माणूस दारातच अडला.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कंत्राटी कामगारांसाठीची मर्यादा त्यांत 50 आहे. ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद आहे, हे चांगले. पण 49 माणसांचे कंत्राट काढायला कोणाला शिकवावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या वर्षी अशाच कुठल्यातरी कंत्राटावर सही कराल. नको म्हणा, असे सांगायला मी आलेलो नाही. घरी पैसे लागतात. पण नेमणूकपत्र मागून घ्या. पगारपावती जपा. मालक कोण लिहिला आहे, मुदत किती दिवसांची, विमा क्रमांक मिळाला का, हे सहीआधी वाचा. आणि आईवडिलांची कागदपत्रे या रविवारी काढून नावे ताडून पाहा.

ज्यांनी आज पगारपावत्या सोबत आणल्या असतील त्यांनी चहानंतर थांबावे, आपण त्या एकत्र बसून वाचू.