मुठेच्या नावे एक खाते



या सभेच्या अध्यक्षपदाला मी कितपत पात्र आहे, हा विषय शिष्टाचाराचा म्हणून सोडून देतो. कारण ज्याचे उभे आयुष्य पाटबंधाऱ्याच्या दप्तरात गेले त्याला बोलण्यापेक्षा आकडे मांडण्याचीच सवय अधिक, आणि मला जे सांगायचे आहे तेही मुळात एका राहून गेलेल्या नोंदीविषयीच आहे.

रॉयल इंजिनियर्सचे फाइफ यांनी योजलेले आणि १८७९ च्या सुमारास पुरे झालेले हे मुठा नदीवरील खडकवासल्याचे दगडी धरण, पुण्याचे शहर व छावणी यांना पिण्यास आणि पूर्वेकडील अवर्षणग्रस्त मुलखाला कालव्याने शेतीस पाणी मिळावे, अशा दुहेरी हेतूने बांधले गेले. आज पहाटे मी भिंतीच्या पायथ्याशी गेलो होतो. दगडांच्या एका सांध्यातून पाझर फुटला होता, त्याच्या ओलीवर नेच्याची चार पाने उगवली होती, आणि त्यांच्या टोकावरून थेंब थेंब पाणी खाली पडत होते. ते तळहातावर घेतले तेव्हा मनात आले, की भर उन्हाळ्यात मुठेला कोणाच्या हुकुमावाचून मिळणारे पाणी बहुधा एवढेच असावे.

धरणे पाडूनच नद्या जगतील असे म्हणणारा एक पंथ अलीकडे जगात बळावला आहे, आणि अमेरिकेत क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४ पर्यंत हटविण्यात आली, हे त्या पंथाचे मोठेच यश आहे. परंतु ज्या भिंतीवर लक्षावधी कुटुंबांची चूल अवलंबून आहे तिला हात लावण्याची भाषा येथे पोरकट ठरेल. शिवाय ही भिंत काही अविकार्य मूर्ती नव्हे. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली येथील सांडव्यावर आपली स्वयंचलित दारे बसविली, ती पाणी ठरावीक पातळीवर गेले की आपोआप उघडत, आणि मूळ बांधकाम उंच न करताही साठा वाढला. पुढे १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगाचे पानशेतचे अपुरे धरण फुटून खडकवासल्याचे हे धरणही कोसळले, तेव्हा एका दिवसात नदीला सारे पाणी मिळाले आणि शहराच्या नळांना काहीच उरले नाही. आपण ते पुन्हा बांधले. सारांश, एकदा बदललेले, एकदा मोडलेले आणि पुन्हा उभे राहिलेले हे धरण आणखी एक नवा नियम सहज सोसू शकेल.

आता दप्तराकडे वळतो. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठते. कालवा समितीच्या बैठकीत शहराला इतके आणि दौंड-इंदापूरकडील शेतीला इतकी आवर्तने, असा जमाखर्च मांडला जातो, भांडणेही होतात, आणि ती व्हावीतच. पण या हिशेबात मुठेचे स्वतःचे खाते शोधू गेले तर सापडत नाही. तिला मिळतो तो पावसाळ्यातील विसर्ग, म्हणजे आपल्याला नको झालेले पाणी. पुणेकराला नदीची आठवण होते तीही भिडे पूल पाण्याखाली गेला अशी बातमी आली म्हणजे. एरवी सिंहगड रस्त्याच्या बाजूने कालवा भरून वाहतो, आणि जवळच विठ्ठलवाडीच्या घाटाखाली नदीच्या नावाने जे सरकत असते त्याला पाणी म्हणावयास धैर्य लागते. राष्ट्रीय जलनीतीने २०१२ सालीच सांगितले आहे, की प्रवाहाचा काही अंश नदीच्या जीवसृष्टीसाठी राखून ठेवावा. नीती दिल्लीत राहिली. वहिवाट इथे जुनीच चालू आहे.

केवळ वरून पाणी सोडले म्हणजे नदी निर्मळ होईल, अशी माझी भाबडी समजूत नाही. आंबील ओढ्यासारखे ओढे जोवर गटारे होऊन तिला मिळतात, तोवर सोडलेले चांगले पाणी घाणीत मिसळणे हा अपव्ययच होय; सांडपाणी आधी शुद्ध झाले पाहिजे, आणि काठाला दगडी बांध घालून शोभा आणण्याच्या उत्साहात हे मागे पडू नये. एक गोष्ट मात्र पुणेकरांनी विसरू नये : हे पाणी मुळेला मिळून भीमेत जाते, उजनीत साठते आणि पुढे पंढरपुराला पोचते. ज्या नगरातून दरवर्षी पालख्या श्रद्धेने मार्गस्थ होतात, त्याच नगराने चंद्रभागेकडे काय पाठवावे, याचा विचार वारकऱ्यांनी नव्हे, आपण करावयाचा आहे.

याच खडकवासल्यात केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे, जिथे देशभरच्या नद्यांच्या प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून पाहतात. तेव्हा नोव्हेंबर ते जून या काळात मुठेला किती पाणी लागेल, याचा हिशेब करणारे विद्वान शोधण्यास आपल्याला दूर जावे लागणार नाही. तो हिशेब व्हावा, आणि पाणीवाटपाच्या नोंदवहीत शहर व शेती यांच्या शेजारी ‘मुठा नदी’ असा तिसरा रकाना उघडला जावा, असा ठराव मी अध्यक्ष या नात्याने सभेपुढे मांडतो. ज्यांचे अनुमोदन आहे, त्यांनी कृपया उभे राहावे.