चित्रातला चंद्र कोणत्या तिथीचा?

(स्नेहमेळाव्यात पडद्यावरच्या चित्रांच्या आधारे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विज्ञानाची चित्रकोडी घ्यायला सांगितलं आहे. प्रस्तावना नको, असंही बजावलं आहे. तेव्हा थेट पहिलं चित्र.

हे कोण? बरोबर, आइनस्टाइन. जीभ बाहेर काढलेला १९५१ सालचा फोटो, बहात्तराव्या वाढदिवसाचा. सगळं सभागृह एका सुरात बोललं. आता सांगा, या उत्तरात भौतिकशास्त्र किती होतं? आपण केस ओळखले, बस्स. चित्रांच्या प्रश्नमंजुषा बहुतेक अशाच असतात. कडी दिसली की शनी, तांबडा गोळा दिसला की मंगळ. हे काम आता खिशातला फोन आपल्याहून बरं करतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून थोड्या अधिकाराने सांगते, नाव ओळखणं खुशाल यंत्रावर सोपवावं. आजच्या कोड्यांचा नियम एकच. ‘हे काय आहे?’ असं विचारायचं नाही. हे चित्र कधीचं, कुठलं, कसं काढलं असेल, ते विचारायचं.

दुसरं चित्र. चंद्राचे दोन फोटो. डावीकडे बारीक कोर, उजवीकडे एका कडेने जरासा झिजलेला मोठा चंद्र. यांतला एक गणेश चतुर्थीचा आणि एक संकष्टीचा. कुठला कोणता?

आता कुजबुज सुरू झाली! इथे निम्म्या जणांच्या घरी संकष्टीचा उपवास असतो. तो चंद्रोदयाला सुटतो, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊला. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि मग रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर करतो. वद्य चतुर्थीपर्यंत तो उशीर तीन-साडेतीन तासांचा होतो. भुकेल्या माणसाला हे गणित आपोआप कळतं. पण पौर्णिमा नुकतीच सरलेली, म्हणजे चंद्र मोठाच असणार. कोर आहे ती शुद्ध चतुर्थीची, गणपती येतात त्या दिवसाची. ती संध्याकाळी पश्चिमेला असते आणि रात्री नऊच्या आसपास मावळतेही.

तरी संकष्टीच्या शुभेच्छांची चित्रं आठवून बघा. मोदकांच्या ताटामागे सुबक चंद्रकोर! तो चंद्र त्या तिथीला दिसूच शकत नाही. वर त्या कोरीच्या पोटात एक चांदणी. तिथे रिकामी जागा नसते हो, चंद्राचाच अंधारा भाग असतो. चंद्राच्या अलीकडे येऊन तारा चमकणार कसा? (कपाळावरच्या चंद्रकोरीला हा नियम लागू नाही. मैत्रिणींनी निश्चिंत राहावं.)

तिसरं चित्र. भर दुपार, एक उभा खांब, आणि त्याला सावली नाही. प्रश्न: हा फोटो दिल्लीत काढता येईल का?

मागून बरोबर उत्तर आलं, नाही. सूर्य अगदी डोक्यावर येतो तो फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांत. दिल्ली कर्कवृत्ताच्या बरीच उत्तरेला. पुण्यात मात्र हा शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. जुलैतला बहुधा ढगांत वाया जातो. आणि मेमध्येसुद्धा बाराच्या ठोक्याला खांबाकडे जाल तर सावली असेल. ती नाहीशी होते साडेबाराच्या सुमाराला, कारण आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. भूगोलाच्या तासाला कर्कवृत्त पाठ केलं होतं ना? ते हे.

आता चौथं चित्र, ज्यासाठी खरं म्हणजे मी उभी राहिले. रात्रीचा भारत, अवकाशातून. पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे. खाली मथळा, ‘दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत’. आपल्या बॅचच्या ग्रुपवर हे दर दिवाळीला येतं. पाठवणारे समोरच बसले आहेत, नावं घेत नाही.

दोन मिनिटं नीट बघा. अख्ख्या देशावर एकही ढग नाही, हे एका रात्रीत जमेल? आणि पणत्या, ट्यूबलाइट, रस्त्यावरचे दिवे यांतून गावच्या गाव हिरवं कसं दिसेल? गावं काय संगनमताने एकेका रंगाचे कंदील लावतात? हे एका रात्रीचं छायाचित्र नाहीच. नोआ या अमेरिकी संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते केलं. १९९२च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२चे निळे, १९९८चे हिरवे, २००३चे लाल. वस्ती आणि वीज कुठे कुठे पसरली, त्याचा हा नकाशा आहे. २०१२च्या दिवाळीत नासाने त्या दिवसांतलं खरं छायाचित्र प्रसिद्ध करून खुलासाही केला. दिवाळीच्या जादा दिव्यांचा उजेड इतका थोडा असतो, की अवकाशातून तो बहुधा जाणवायचाही नाही.

मला वाईट याचं वाटतं, की मूळ चित्र खोट्या मथळ्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. आपण शाळेत असतानाच्या वर्षांत कुठल्या गावात उजेड आला आणि कुठल्या गावात नंतर आला, हे त्यात दिसतं. आपण ते फुलबाज्यांचं चित्र करून टाकलं.

लगेच पाचवं. केशरी कडं, मधे काळोख. १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झालेलं कृष्णविवराचं पहिलं चित्र. साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर, एम ८७ या दीर्घिकेतलं. प्रश्न: हा केशरी रंग कुणाचा? उत्तर, शास्त्रज्ञांनी दिलेला. पृथ्वीवर दूरदूर विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणींनी १.३ मिलिमीटर लांबीच्या लहरी टिपल्या. त्या डोळ्यांना दिसतच नाहीत. लहरी जिथे तीव्र तिथे रंग उजळ, इतकाच संकेत.

मघाशी कुणीतरी म्हणालं, "मग हेही खोटंच की!" नाही. रंग दोन्हीकडे दिलेलेच आहेत. इथे त्यांचा अर्थ करणाऱ्यांनी सांगितला आणि तो आपल्यापर्यंत पोचला. दिवाळीच्या चित्रात सांगितलेला अर्थ वाटेत कुणीतरी पुसला. यापुढे संगणकाने बनवलेली चित्रं याहून हुबेहूब येतील. तिथे माझी इंजिनिअरिंगची पदवी फारशी कामाची नाही. तिथे उपयोगी पडेल ते चतुर्थीचा चंद्र ठाऊक असणं.

सरांशी बोलणं झालं आहे. अशा चित्रांचा एक संच छापून आपण शाळेच्या प्रयोगशाळेला देणार आहोत. चित्राखाली नाव नाही, फक्त प्रश्न. तुमच्याकडे असतील तर पाठवा.

शेवटचं कोडं. २४ डिसेंबर १९६८, अपोलो ८ मधून बिल अँडर्स यांनी टिपलेली, चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी. यान चंद्राभोवती फिरत होतं, म्हणून ती उगवताना दिसली. पण चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूला कुणी घर बांधलं, तर त्याच्या अंगणातून पृथ्वी रोज उगवताना दिसेल का? उत्तर सांगत नाही. पंगतीत एक लाडू पृथ्वी म्हणून मधे ठेवा, दुसरा तोंड न वळवता त्याच्याभोवती फिरवा, आणि मग खा.