कॅम्पसच्या बातम्या: सर्क्युलर आलंय, पण खरं आहे का?

बसमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर लेक्चरला शेवटच्या बाकावर एक इअरबड लावून बसला असाल, तर आवाज जरा कमी करा आणि ऐका. नवं सत्र सुरू झालंय. पुढच्या काही महिन्यांत पुण्यातल्या विद्यापीठाच्या कॅम्पसवर आणि आसपास काय काय आहे ते सांगणार आहेच, पण आधी कंटाळवाणा विषय. तारखा, फॉर्म, सर्क्युलर. ज्यांना फक्त नाटकं आणि फेस्ट ऐकायचेत त्यांनी सरळ शेवटच्या पाच मिनिटांवर उडी मारा. पण मग परीक्षेच्या फॉर्मला लेट फी भरताना माझी आठवण काढू नका.

तर पहिली गोष्ट. पाऊस जोरात सुरू झाला रे झाला की ग्रुपवर एक फोटो येतो. "उद्याचे सर्व पेपर पुढे ढकलण्यात आले आहेत." वर विद्यापीठाचा लोगो, खाली कुणाची तरी सही, आणि मेसेजवर तो 'बऱ्याच वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. निम्मा वर्ग पुस्तक मिटून झोपतो, उरलेला निम्मा "कन्फर्म आहे का रे?" असं विचारत बसतो.

कधीकधी ते खरंही असतं बरं का. अतिवृष्टीत पेपर खरंच पुढे गेलेले आहेत. म्हणून तर खोटं पत्रक इतकं सहज खपतं. बहुतेक खोटी पत्रकं कुणी नव्याने बनवत नाही. जुनंच खरं पत्रक घ्यायचं, तारीख बदलायची, झालं काम. मग ओळखायचं कसं? वर 'जा.क्र.' लिहिलेलं असतं ना, म्हणजे जावक क्रमांक, तो बघा. त्याच्यासोबत साल असतं आणि बनवणारा घाईत ते बदलायला विसरतो. वार आणि तारीख जुळतेय का ते कॅलेंडरमध्ये बघा. तारखेच्या आकड्यांचा फाँट बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळा दिसतोय का ते झूम करून बघा. आणि हे सगळं जुळलं तरी थांबा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर परीक्षा विभागाच्या पानावर तेच पत्रक आहे का ते बघा. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी 'एसी डॉट इन' आहे ना, तेही पाहा. तो पत्ता फक्त शिक्षणसंस्थांना मिळतो, कुणीही उठून विकत घेऊ शकत नाही. तिथे पत्रक नसेल तर आपल्यासाठी पेपर आहे. अभ्यास करा आणि झोपा.

माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. या गोंधळात चूक एकट्या फॉरवर्ड करणाऱ्याची नसते. खरं पत्रकच इतकं उशिरा येतं आणि अशा भाषेत येतं की माणूस भाषांतर शोधायला ग्रुपवरच जातो. "उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की..." अरे, काय कळवण्यात येतंय ते पहिल्या ओळीत सांगा ना! फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या पानावर, कोष्टकाच्या चौथ्या रकान्यात असते. आमच्या या कार्यक्रमाचं निम्मं काम म्हणजे ती तारीख शोधून तुम्हाला मराठीत सांगणं.

आता निकाल. "निकाल कधी लागणार?" हा प्रश्न तुम्ही आम्हाला सगळ्यात जास्त विचारता. नक्की तारीख आम्हालाही कुणी सांगत नाही, पण कायदा काय म्हणतो ते सांगते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न विद्यापीठाने करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत तो लावायचाच. म्हणजे मोजायला सुरुवात तुमच्या शेवटच्या पेपरच्या तारखेपासून करा. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

हे ४५ दिवस उलटले की काय होतं, ते २०१७ मध्ये मुंबईच्या पोरांनी भोगलंय. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायचं ठरवलं, तयारी पुरेशी नव्हती आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. शेवटी ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या कुलगुरूंना पदावरून दूर केलं. पण ज्यांचे परदेशातले प्रवेश मार्कशीटवाचून अडकले होते, त्यांना त्या ऑक्टोबरचा काय उपयोग? निकालाची तारीख कॅम्पसची सगळ्यात मोठी बातमी असते ती त्यामुळेच. ती चार लोकांना विचारून, खात्री करूनच पुढे पाठवा.

निकाल लागला आणि मार्क कमी वाटले, तर रडत बसण्याआधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागा. ती पाहायला मिळणं ही मेहरबानी नाहीये. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय की तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क विद्यार्थ्याला माहिती अधिकारात आहे. आधी फोटोकॉपी, ती बघून मग पुनर्मूल्यांकन, असा क्रम असतो. दोन्हीला मुदत असते आणि ती थोड्या दिवसांचीच असते. ऐन सुट्टीत निकाल लागला आणि तुम्ही गावी गेलेले असलात, तरी घड्याळ चालूच राहतं.

आता शिष्यवृत्ती, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

माझी होस्टेलवरची एक मैत्रीण. नाव सांगत नाही, कॉलेजही नाही. दुसऱ्या वर्षाला होती. महाडीबीटीवर अर्ज केला, सगळी कागदपत्रं जोडली, 'सबमिट' झालं, पोरगी निर्धास्त. दिवाळीनंतर अर्ज परत आला, उत्पन्नाचा दाखला मुदतीबाहेरचा म्हणून. दुरुस्त करून परत पाठवायला थोडे दिवस होते. कॉलेजच्या ऑफिसने परत आलेल्या अर्जांची यादी फक्त एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. बोर्डावर नाही, फोन नाही. हिचा फोन त्या महिन्यात बंद पडला होता, ती घरच्यांशी रूममेटच्या फोनवरून बोलायची. यादीत आपलं नाव होतं हे तिला कळलं ते परीक्षेच्या हॉल तिकिटासाठी "आधी पूर्ण फी भरा" म्हणाले तेव्हा. तिच्या वडिलांचं कांद्याचं पीक त्याच वर्षी गेलेलं.

पुढे तिने कमवा व शिका योजनेत काम घेतलं, थोडे पैसे मावशीने दिले, ऑफिसात तीन चकरा मारून हप्ते पाडून घेतले. शिक्षण सुटलं नाही. पण एका यादीपायी सुटू शकलं असतं. यादी ग्रुपवर टाकली म्हणजे सगळ्यांना कळवलं, असं ज्या ऑफिसांना वाटतं ना, त्यांच्यासाठी हा किस्सा सांगितला. वर्गात साठ मुलं असतील तर पाच-सहा जणांचा फोन कायम रिचार्ज संपलेला, हरवलेला किंवा भावासोबत वाटून घेतलेला असतो. काचेच्या पेटीतला तो जुना नोटीस बोर्ड त्यांच्यासाठी असतो. तो काढू नका.

आणि तुम्ही काय करायचं? पोर्टलवर स्वतः लॉगिन करून पंधरा दिवसांतून एकदा अर्जाची स्थिती बघा. 'सबमिट' म्हणजे 'मंजूर' नव्हे. आधी कॉलेजकडून, मग विभागाकडून तपासणी होते, आणि अर्ज कुठल्याही टप्प्यावर परत येऊ शकतो. दाखल्यावर 'कधीपर्यंत वैध' लिहिलंय ते वाचा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, हे बँकेत जाऊन विचारा, कारण पैसे त्याच खात्यात येतात. वर्षानुवर्षं न वापरलेलं, बंद पडलेलं खातं असेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

मुलींनो, तुमच्यासाठी एक वेगळी आठवण. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढलाय. व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ही सवलत ५० टक्के होती. तुम्ही यात बसता आणि तरी काउंटरवर कुणी पूर्ण फी मागितली, तर तो शासन निर्णय फोनमध्ये डाउनलोड करून ठेवलेला असू द्या. तोंडी वाद घालण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा.

चला, झालं कंटाळवाणं. ज्यांनी उडी मारली होती त्यांचं पुन्हा स्वागत!

पावसाळा म्हणजे पुण्यात पुरुषोत्तम. महाराष्ट्रीय कलोपासकची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात तुमच्या कॉलेजची एकांकिका असो नसो, एक दिवस जाऊन "अरे आवाज कुणाचा"ने छत हलताना ऐकाच. २०२२ मध्ये परीक्षकांनी मानाचा करंडक कुणालाच दिला नाही, त्यावर किती भांडणं झाली होती! मला विचाराल तर तो निर्णय कडक होता, पण पुढे कितीतरी दिवस कॅन्टीनमध्ये पोरं संहितेवर बोलत होती, हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. तांत्रिक बाजू सांभाळायला, पडदा ओढायला, सेट उचलायला माणसं लागतातच. अभिनय येत नाही म्हणून घरी बसू नका.

२४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस, १९६९ साली याच तारखेला योजना सुरू झाली. त्यानंतर युवक महोत्सव आणि संशोधनवाल्यांसाठी 'आविष्कार'. हा कॉलेजपासून सुरू होऊन राज्यातल्या विद्यापीठांपर्यंत जातो. 'आविष्कार'ला फक्त सायन्सवाले जातात हा गैरसमज आहे. कला, वाणिज्य, शेती, सगळ्यांना गट असतात. तुमच्या गावच्या आठवडी बाजारावर केलेला प्रोजेक्टही चालतो.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १० फेब्रुवारीला विद्यापीठाचा वर्धापन दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. आणि २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन! हा माझा सगळ्यात आवडता. आपल्या कॅम्पसवरच आयुका आहे, जयंत नारळीकरांनी उभी केलेली. विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे सगळ्यांना प्रवेश असतो. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत, पृथ्वी फिरते हे दाखवणारा लंबक आहे. त्याच दिवसांत नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीही बघता येते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तीन-तीन वर्षं या कॅम्पसवर काढून आयुकाच्या गेटच्या आत न गेलेली मुलं मला माहीत आहेत. शाळेतली पोरं सहलीने येऊन बघून जातात, आणि आपण गेटबाहेर चहा पितो!

तर आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या कॉलेजच्या बोर्डावर काही नवीन लागलं असेल तर फोटो काढून पाठवा. फक्त फोटोत तारीख आणि जावक क्रमांक दिसला पाहिजे. भेटू सोमवारी, तेव्हा परीक्षा फॉर्मच्या तारखा आलेल्या असतील तर त्याच पहिल्या सांगेन.