वृद्ध कुत्र्यास विश्रांतीइतकाच व्यायामही हवा

डिचोलीच्या कुळागरांत आणि पेडण्याच्या काजूबागायतींत कुत्रा हा घरचा राखणदारच होय. वानरे व रानडुकरे हुसकावण्यात आणि रात्री अंगणात चाहूल घेण्यात त्याचे तारुण्य खर्ची पडते. पुढे त्याचे पाय जड होतात, पायऱ्या चढताना तो अडखळतो. मग 'म्हातारा झाला, पडून राहू दे' असे म्हणून त्यास ओसरीजवळ बांधून ठेवण्यात येते. हे दयेपोटी घडते. परंतु या दयेनेच त्याचे वार्धक्य अधिक कष्टाचे होते.

मोठ्या चणीचे कुत्रे साधारणतः सातव्या-आठव्या वर्षापासून, तर लहान चणीचे त्याहून उशिरा वार्धक्याकडे झुकतात. या वयात हालचाल थांबली की स्नायू क्षीण होतात, सांधे आखडतात आणि वजन वाढते. वाढलेले वजन पुन्हा त्याच सांध्यांवर पडते. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांचे आयुष्यभर निरीक्षण करण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, २५ टक्के कमी आहार मिळालेले कुत्रे इतरांपेक्षा सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगले आणि त्यांना सांध्यांचे विकारही उशिरा जडले. यावरून शरीर हलके राखण्याचे महत्त्व ध्यानी यावे.

व्यायाम थोडा, परंतु नित्य असावा. एकदाच लांबवर नेण्यापेक्षा दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे संथपणे फिरवावे. वाटेत त्यास हुंगू द्यावे, कारण गंध घेण्यातच त्याच्या मनाचा विरंगुळा असतो. कुत्र्यास माणसासारखा घाम येत नाही; तो मुख्यतः धापा टाकून अंग निववतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे वा सूर्यास्तानंतरच बाहेर काढावे आणि तापलेल्या डांबरी रस्त्यावर नेऊ नये. किनाऱ्यावर कोरड्या भुसभुशीत वाळूपेक्षा ओली, घट्ट वाळू सांध्यांना सोयीची असते. मात्र मोरजी व मांद्रे येथे कासवे अंडी घालण्यास येतात. त्या हंगामात कुत्र्यास साखळीविना सोडू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका संभवतो, तेव्हा फिरून आल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत आणि अंगावर गोचीड आहे का तेही पाहावे.

फिरताना कुत्रा लंगडू लागला, खोकू लागला किंवा दम लवकर ओसरेना, तर त्यास तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेनसारखी औषधे त्यास घातक ठरू शकतात.

ज्याने वर्षानुवर्षे घर राखले, त्यास उतारवयात भाकरीबरोबर धन्याची थोडी सोबतही लाभली पाहिजे. कुळागराच्या बांधापर्यंतचा रोजचा तो संथ फेरफटका हीच त्याच्या सेवेची खरी परतफेड होय.