उतारावरची वीज
(गणेशोत्सवातील भाषणाचा गोषवारा)



राजवाड्यापासून पलासियापर्यंत जाताना आपण कितीदा ब्रेक दाबतो! त्या प्रत्येक वेळी पेट्रोलने मिळवलेला वेग उष्णता होऊन वाया जातो. तो वाचवावा म्हणून आम्ही चौघांनी एका जुन्या गाडीच्या मागच्या चाकांना मोटर जोडली. निघताना ती इंजिनाला हातभार लावी. वेग कमी करताना तीच जनित्र होऊन बॅटरी भरी.

हिशेब मात्र नम्र करणारा आहे. हजार किलोची गाडी ताशी 36 किलोमीटरने धावत असेल, तर तिच्यात 50 किलोज्यूल, म्हणजे जेमतेम 14 वॅट-तास ऊर्जा असते. त्यातलीही सगळी परत मिळत नाही.

परवानगीशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून चाचणी मित्राच्या शेतातल्या उतारावर घेतली. आदल्या रात्री हौसेने बॅटरी पूर्ण भरली होती. भरलेली बॅटरी वीज घेईना, त्यामुळे मोटर गाडीला आवरेना! मूळ ब्रेक शाबूत होते, म्हणून आज तुमच्यासमोर उभे आहोत. ‘आता ते ब्रेक हलके करू,’ असे आदल्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाने सुचवले होते.

तरुणांनो, प्रयोग जरूर करा. नवे जोडा, पण जीव राखणारे जुने काढू नका.

गणपती बाप्पा मोरया!