वारसा कर नाही, पण उशिराचा दंड आहे

चंद्रपूर-गडचिरोलीत वकिली करताना मला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. ‘साहेब, आमच्यामागे मुलांना वारसा कर किती पडेल? तो कमी कसा करायचा?’ २०२४च्या लोकसभा निवडणुकीत या कराची चर्चा झाली, तेव्हापासून तर विचारणा वाढलीच आहे.

आज आपल्या देशात असा कर नाही. पूर्वी होता. १९५३च्या कायद्याने आलेल्या या मृत्युकराचा दर वरच्या टप्प्यात ८५ टक्क्यांपर्यंत पोचला होता. वसुली थोडी आणि वसुलीचा खर्च जास्त, असे सांगून अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो १९८५ साली रद्द केला. पण आपण स्वतःच एक दंड भरत असतो. तो उशिराचा.

राजुऱ्याकडच्या एका कुटुंबाची सहा एकर जमीन खाणीत गेली. सातबाऱ्यावर नाव मात्र तीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे. वारस निघाले तेवीस. कोणी नागपूरला, कोणी तेलंगणात. मोबदला अडकला आणि सख्खे भाऊ एकमेकांकडे पाणी प्यायला जाईनासे झाले. कोणत्याही कराने एवढे नुकसान केले नसते.

म्हणून पहिले काम वारस नोंदीचे. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत मृत्यू दाखला आणि वारसांच्या प्रतिज्ञापत्रासह तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्यावा. ‘ई-हक्क’वरही तो करता येतो. अशी रखडलेली नावे इतकी होती की २०२५ साली शासनाला राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घ्यावी लागली. पीककर्ज असो की आधारभूत केंद्रावर धान विकणे, सातबारा लागतोच.

दुसरे, मुलींची नावे गाळू नका. हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीवर मुलीचा हक्क जन्मानेच आहे. वडील २००५पूर्वी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले. बहिणीला हक्कसोडपत्र द्यायचे असेल तर ते तिच्या मर्जीने, समजून-उमजून व्हावे.

आपल्या गोंड-माडिया बांधवांची गोष्ट वेगळी आहे. अनुसूचित जमातींना हा कायदा सहसा लागू होत नाही; तिथे रूढी पाहिली जाते. वनहक्काचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. तो वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. तेव्हा पट्टा जपून ठेवा आणि वारसांची नोंद वेळेवर करून घ्या.

तिसरे, मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला मिळकत मिळणार तो साक्षीदार नसावा. बँक खात्यातला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारतो, वाटा वारसांचाच असतो.

जिवंतपणी द्यायचे असेल तर राहते घर व शेतजमीन पती-पत्नी, मुले किंवा नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे. अधिभार व इतर खर्च वेगळा. मात्र सगळे देऊन हात रिकामे करू नका. ‘आम्हाला सांभाळावे’ ही अट दस्तात लिहून घ्या. मग २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार मिळतो.

मूल, सिंदेवाही, देसाईगंजकडच्या राईस मिलवाल्यांना आणि दुकानदारांना एकच सांगणे. भागीदारी पत्र काढून वाचा. वेगळे काही ठरलेले नसेल तर एक भागीदार वारताच कायद्याने भागीदारी संपते. बँकेचे कर्ज, परवाना, मालाची उधारी सारे अधांतरी राहते. पुढे कोण, कोणाचा किती हिस्सा, हे आज लिहा.

आपल्याकडे मरणाची भाषा अशुभ मानतात. पण धान कापणीला येण्याआधी आपण कोठी झाडून ठेवतोच ना? हेही तसेच काम आहे. सगळी भावंडं एका घरी जमतील अशा पुढच्या सणाला सातबारा मध्ये ठेवून बसा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)