कागद कोणी न्यायचा?

(डोलवी, ता. पेण येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला दिलेला विषय आहे 'न्याययंत्रणेतील सुधारणा आणि शासकीय खात्यांमधील समन्वय'. फळ्यावर तो वाचून मागे बसलेल्या एका मावशींनी मला मघाशी विचारले, "ताई, म्हणजे नेमके काय हो?" मी म्हटले, "मावशी, एका ऑफिसातला कागद दुसऱ्या ऑफिसात कोणी न्यायचा, एवढाच विषय." त्या म्हणाल्या, "मग तो आम्हाला ठाऊक आहे. आम्हीच नेतो."

खरे तर माझे भाषण इथेच संपायला हरकत नव्हती. पण तुम्ही कामधंदा सोडून आला आहात, तेव्हा थोडे तपशिलात बोलते.

मी पूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात काम करत होते. तिथली एक बाई. गाव सांगत नाही, ऑफिसांची नावेही सांगत नाही, कारण दोष एकाच ठाण्याचा किंवा एकाच साहेबांचा नाही. नवरा मारत होता, लहान मुलगी होती. एका रात्री ती घराबाहेर काढली गेली आणि तशीच पोलीस ठाण्यात गेली. अदखलपात्र म्हणून नोंद झाली, आणि "सकाळी दवाखान्यात जा" असे सांगितले. सकाळी दवाखान्यात विचारले, "पोलिसांची यादी आणली का?" यादी नव्हती. परत ठाणे. मग कोणीतरी सांगितले की संरक्षण अधिकारी म्हणून असतात, त्यांच्याकडे जा. ते साहेब बैठकीला गेले होते. तिसऱ्या खेपेला भेटले, अहवाल लिहिला, कोर्टात अर्ज गेला. नवऱ्यावर नोटीस बजावली जाईना, कारण पत्त्यात घर क्रमांक नव्हता. तारखा पडत गेल्या. अकराव्या महिन्यात अंतरिम आदेश झाला की तिला घरात राहू द्यावे, मारहाण करू नये. आदेश घेऊन ती घरी गेली. नवऱ्याने दार लावले. ती ठाण्यात गेली तर उत्तर आले, "आमच्याकडे आदेशाची प्रत आलेली नाही."

ती सगळे कागद मिठाच्या रिकाम्या पिशवीत ठेवत असे, एसटीची तिकिटेसुद्धा. ती मी एकदा मोजली. चाळीसच्या वर होती. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, पण बुडालेली मजुरी अर्धी होत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा 2005 चा. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्यात लिहिले आहे की दंडाधिकाऱ्यांनी पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यावी. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. नोटीस संरक्षण अधिकाऱ्याने बजावायची, दोन दिवसांत किंवा कोर्ट देईल त्या वाजवी मुदतीत. अधिकाऱ्याने घरगुती घटना अहवाल दंडाधिकाऱ्यांना सादर करायचा आणि त्याची प्रत ठाण्याला पाठवायची. आणि कलम 24 तर प्रत्येकीने पाठ करावे असे आहे. कोर्टाने आदेशाची प्रत दोन्ही पक्षकारांना, त्या हद्दीतल्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आणि तिथल्या सेवा देणाऱ्या संस्थेला विनामूल्य द्यायची आहे. कागद पोहोचवणे हे बाईचे काम आहे, असे या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही.

याच कायद्यात कलम 11 आहे. आजचा विषय मुळात तिथला. विधी, गृह, आरोग्य, मनुष्यबळ विकास या खात्यांमध्ये परिणामकारक समन्वय राहील आणि त्याचा वेळोवेळी आढावा घेतला जाईल, हे पाहण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारवर टाकली आहे. पोलीस आणि न्यायिक अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, असेही म्हटले आहे. पण गंमत पाहा. कोर्टाने सांगितलेले काम संरक्षण अधिकाऱ्याने सबळ कारणाशिवाय केले नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वरच्या खात्यांनी समन्वय केला नाही तर काय? त्याला शिक्षा नाही. खालच्या माणसाला दंड, वरच्यांना फक्त अपेक्षा!

आणि हा खालचा माणूस तरी पूर्ण वेळ मिळतो का? कायदा आला तेव्हा अनेक ठिकाणी आधीच दुसरे काम असलेल्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात हे पद अतिरिक्त म्हणून बांधले गेले. कायदा लागू होऊन जवळजवळ एकोणीस वर्षे झाल्यावर, 20 मे 2025 रोजी, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की जिथे नेमले नसतील तिथे जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास खात्यातले संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत ठरवा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी सर्वोच्च न्यायालय!

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून आपण ते ओळखतो. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्याच वर्षी 498 अ आले. पण कायदा बदलला म्हणून ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या बाईच्या शेजारी कोणी येऊन बसले का?

त्यासाठी 1984 मध्ये मुंबईत एक प्रयोग झाला. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथली समाजसेविका पोलीस नव्हती, पण ती पोलिसांच्या इमारतीत बसत होती. बाई आली की दोन टेबलांमधले अंतर ती चालत होती. पुढे हा कक्ष महाराष्ट्रात आणि इतर राज्यांतही गेला. आम्ही समाजकार्याचे शिक्षण घेताना हे उदाहरण अभिमानाने शिकलो. ते चांगलेच होते. पण आज मला त्यात एक धोकाही दिसतो. त्याकडे मी पुढे येते.

आता दिल्लीकडून येणारी सुधारणा संगणकाची आहे. पोलीस, न्यायालय, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी वकील यांची माहिती एका जाळ्यात जोडायची, अशी योजना चालू आहे. 2022 मध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्याला 3,375 कोटी रुपये मंजूर झाले. ई-न्यायालयांच्या तिसऱ्या टप्प्याला 2023 मध्ये 7,210 कोटी. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, माहिती जवळच्या ठाण्यात देता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी कळवायचे आहे. हे हक्क वापरा.

पण त्या जाळ्याची यादी पुन्हा ऐका. पोलीस, न्यायालय, तुरुंग, प्रयोगशाळा, सरकारी वकील. यात संरक्षण अधिकारी कुठे आहे? निवारागृह कुठे आहे? गुन्हेगार एका दारातून दुसऱ्या दारात कसा जातो याचा माग ठेवायला हे जाळे विणले आहे. ज्या बाईला शिक्षा नको, डोक्यावर छप्पर हवे आहे, तिचा कागद अजून मिठाच्या पिशवीतच आहे.

आता हे आपल्या नकाशावर मांडून बघू. डोलवीची बाई. ठाणे वडखळला, कोर्ट पेणला, जिल्हा रुग्णालय आणि जिल्ह्याची बहुतेक कार्यालये अलिबागला. वडखळ नाक्यावर उभे राहिले की एक रस्ता पेणकडे, एक अलिबागकडे. हातात अर्ज घेऊन त्या नाक्यावर बाईने कुठली गाडी पकडायची?

शिवाय डोलवीची बाई एकाच तऱ्हेची नाही. खारेपाटातल्या शेतकरी घरातली आहे. कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या परराज्यातल्या कामगाराची बायकोही आहे, भाड्याच्या खोलीत राहणारी, मराठी न येणारी. तिला सांगा की बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, त्यासाठी ओडिशाला किंवा बिहारला जावे लागत नाही. आणि कातकरी बाई आहे. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर जाते, पावसाच्या तोंडावर परत येते. तिला जानेवारीची तारीख पडली तर भट्टीची उचल फेडायची की कोर्टात उभे राहायचे? कोर्टाच्या तारखेचा आणि भट्टीच्या हंगामाचा समन्वय कुठल्या खात्याकडे येतो?

एक कडू गोष्टही बोलते. ऑफिसांमध्ये समन्वय मुळीच नसतो असे नाही. एका बाबतीत तो उत्तम असतो. ठाण्यात सांगतात, "बाई, संसार आहे, जुळवून घे." सरपंच तेच सांगतात. समुपदेशन करणाऱ्या ताई तेच सांगतात, आणि कधीकधी, मैत्रिणींनो, आपल्याच बचत गटातल्या वडीलधाऱ्या बाया तेच सांगतात. याबाबत कोणाला प्रशिक्षण लागत नाही आणि कोणाची प्रतही गहाळ होत नाही. म्हणून कोणी 'समन्वय' म्हटले की मी आधी विचारते, कशासाठी? या कायद्याच्या नियमांत समुपदेशनाबद्दलही स्पष्ट आहे. बाईची इच्छा नसेल तर तडजोड लादायची नाही, आणि केलेल्या मारहाणीचे समर्थन नवऱ्याला तिथे करू द्यायचे नाही.

आता मघाचा तो धोका. आपण कार्यकर्त्या काय करतो? बाईबरोबर ठाण्यात जातो, यादी घेतो, दवाखान्यात नेतो, साहेबांना फोन करतो, कोर्टातून प्रत काढून ठाण्यात नेऊन देतो. काम होते. बाई आशीर्वाद देते. साहेब म्हणतात, "तुमच्या संस्थेचे फार सहकार्य आहे." मी स्वतः अनेक वर्षे यात सुख मानले. मग एकदा एका ठाण्यातल्या हवालदारांनी मला हसत सांगितले, "ताई, तुम्ही आणून देताच, म्हणून कोर्टाकडे आम्ही मागत नाही." त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेले नाही. मी ज्यांच्यासाठी धावले त्या दहा-बारा बायांना प्रत मिळाली. ज्यांच्यासाठी कोणीच धावले नाही, त्यांची वाट मी अजून बिकट केली होती.

याचा अर्थ उद्यापासून बाईबरोबर जाऊ नका, असा नाही. रात्री दारात उभ्या असलेल्या बाईला मी कलम 24 वाचून दाखवणार नाही, मी तिच्याबरोबर जाईन. पण जाताना एक काम जास्तीचे करायचे. नेलेल्या प्रत्येक कागदावर पोच घ्यायची, तारीख आणि आवक क्रमांक लिहून घ्यायचा. जे काम त्या ऑफिसचे होते आणि आपण केले, ते वहीत मांडायचे: कोणी करायचे होते, कोणी केले, किती दिवस लागले. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की ती वही घेऊन तहसीलदार, पोलीस, संरक्षण अधिकारी आणि तालुका विधी सेवा समिती या सगळ्यांना एकदम एका खोलीत बोलवा असे लेखी मागायचे. एकेकाला वेगळे भेटलो तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. विधी सेवा समितीला विसरू नका. 1987 च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि तरी आपल्यातल्या किती जणींनी दागिने गहाण ठेवून वकील केला, हात वर करा बरे.

बघा.

घरगुती घटना अहवालाचा कोरा नमुना मी आणला आहे, पन्नास प्रती आहेत. तो किचकट दिसतो, पण भरता येतो. चहा झाला की दोघीदोघी बसा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचे, दुसरीने लिहायचे. पत्त्याच्या रकान्यात घर क्रमांक नसेल तर जवळची खूण लिहा. पिंपळाच्या मागे, चक्कीच्या समोर, काहीही. पण तो रकाना मोकळा सोडू नका.